गायीचा सोबती

"खड्ड्याचं माझ्यावर सोडा, मामा. असा खणतो की गाय सात पिढ्यांसकट मावेल," जावई सासऱ्याला म्हणाला आणि भाड्याने आणलेल्या खोदाईच्या मशीनवर चढून बसला.

कमरेएवढं खणून झालं आणि खाली कातळ लागला. मशीनचा एक दात तुटला. जावयाने आणखी जोर लावला, तेव्हा दुसराही तुटला.

तिकडे गोठ्यात म्हातारा गायीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. घसरून पडल्याने तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ती आता उठणार नव्हती. शेजारी कुत्रा. पिल्लू असल्यापासून तो तिच्याच पोटाला टेकून झोपायचा. गुरांच्या डॉक्टरने आधी गुंगीचं औषध दिलं, मग दुसरं इंजेक्शन. गायीने एक लांब श्वास सोडला, बस्स. जाताना डॉक्टरने जावयाला बजावलं, की हे औषध अंगात मुरतं, पुरुषभर खोल पुरा. कोल्ह्याने उकरून खाल्लं तर तोही तिथेच आडवा होईल. जावयाने मान डोलावली. कातळाचं काही बोलला नाही.

गाय कशीबशी मावली. तिच्यावर माती जेमतेम वीतभर आली. जावयाने ती फावड्याने थोपटून थोपटून अशी गुळगुळीत केली, की लांबून बघणाऱ्याला कौतुक वाटावं.

संध्याकाळी कुत्रा त्या मातीवर जाऊन बसला. म्हाताऱ्याने दूध नेलं, त्याने तोंड लावलं नाही. कुंई कुंई करत पंजाने माती उकरत राहिला.

"याला घरात आणून बांधतो," म्हातारा म्हणाला. "आता मला हा एकच उरलाय."

"राहू द्या हो, मामा. त्यालाही दुःख आहे. मोकळा होऊ दे." जावई डोळे पुसत म्हणाला.

एवढी माया माणसं तरी कुठे करतात, असं मुलगी म्हणाली आणि तिने नवऱ्याकडे बघितलं.

सकाळी कुत्रा तिथेच होता, मातीला बिलगून, शांत. जावयाने चवड्यांवर जाऊन लांबूनच फोटो काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. आत्या रडली. साडूसुद्धा रडला.

म्हातारा दुधाची ताटली घेऊन कुत्र्याला उठवायला गेला.

कुत्रा उठला नाही. त्याच्या तोंडात गायीचा अर्धा कान होता, पिवळ्या बिल्ल्यासकट.