वरीलप्रमाणे

१९८८ साली, पोळा झाल्यावर, बेला गावच्या वामनरावांनी आपल्या कापडाच्या दुकानातली गादी उचलली आणि तिथं काचेचं काउंटर बसवलं. आदिलाबादच्या मोठ्या दुकानात असतं तसं. कापडाची ठाणं काचेआड गेली, गिऱ्हाईक बाहेर उभं राहिलं. काउंटरवर त्यांनी एक वही ठेवली, तिला दोरीनं पेन बांधलं. नवं दुकान कसं वाटलं, काय बदलावं, ते येणाऱ्यानं लिहायचं.

पहिला मान अमृतराव पाटलांचा. ते रोज सकाळी पेपर वाचायला दुकानात येत. चष्मा लावून त्यांनी लिहिलं, 'दुकान उत्तम आहे. बदल नको.' खाली लांबलचक सही केली. नंतर आलेल्या भगवंतरावांनी आधी पाटलांचं वाचलं आणि लिहिलं, 'वरीलप्रमाणे.' त्यांच्याखाली चंपतराव, 'वरीलप्रमाणे.' मग तीच रीत पडली. लिहिता न येणाऱ्यांनी अंगठे लावले. म्हाताऱ्या डोमाजीनं अंगठा उठवण्याआधी हळूच विचारलं होतं, पंचनामा कशाचा आहे, कोणी मेलं काय.

लोक एकदा येत, सही करत, आणि परत येत नसत. वही भरत आली आणि दुकान रिकामं होत गेलं.

वामनरावांनी वही दोनदा वाचून काढली. दुकानात काही खोट नाही, असं बेचाळीस जणांनी सांगितलं होतं. मग खोट माणसात असणार. दुकानात माणसं दोनच होती. जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं की तिची जीभ लोकांना टोचते. एवढ्या भावात तर बैलाची झूलही येत नाही, असं गिऱ्हाइकाला कोणी म्हणतं का? दिवाळीपासून तिनं घरीच बसावं.

द्वारकाबाई सतरा वर्षं त्या दुकानात बसत होती. कोणत्या घरातल्या सुनेला हिरवं आवडतं, कोणाच्या घरी यंदा लग्न आहे, कोणाला नवं लुगडं घ्यायचं आहे पण सासूसमोर बोलता येत नाही, हे सगळं तिला ठाऊक होतं. ती रडली नाही. भाकरीचा तुकडा मोडून म्हणाली,

"बसीन घरी. पन मले एक बाजारचा दिवस द्या. लोकायले मी माह्या रीतीनं इचारीन."

बाजारच्या दिवशी तिनं काउंटरवर एक मडकं ठेवलं. तोंडाला फडकं बांधलेलं, त्याला हात जाईल एवढी चीर. शेजारी ताटलीत ज्वारी आणि सरकी. येणाऱ्यानं दोन्हींचा एकेक दाणा मुठीत घ्यायचा आणि हात मडक्यात घालायचा. दुकान असंच राहावं वाटत असेल तर आत ज्वारी सोडायची, पहिल्यासारखं हवं असेल तर सरकी. उरलेला दाणा मुठीतच घेऊन जायचा, कोणाला दाखवायचा नाही. ज्वारी जास्त निघाली तर द्वारकाबाई पुन्हा दुकानाची पायरी चढणार नव्हती.

देवीला कौल लावून राह्यली का, असं वामनराव गल्ल्यावरून म्हणाले आणि हसले.

सकाळी पहिले आले ते अमृतरावच. पेपर अजून यायचा होता. द्वारकाबाईनं पदर सारखा करून त्यांना रीत सांगितली. या वयात आता दाणे खेळायचे राहिले होते, असं म्हणत त्यांनी हात आत घातला. हात थोडा वेळ आतच राहिला. मग बंद मूठ घेऊन, पेपरची वाट न पाहता, ते पायऱ्या उतरून गेले.

रस्त्यावर कोणी नव्हतं. बाजार भरायला अवकाश होता. वामनराव उठले, फडकं सोडलं आणि वहीच्या पहिल्या पानावर मडकं उपडं केलं.

एकच दाणा पडला. कापसाचं तूस चिकटलेली सरकी. ती पाटलांच्या सहीजवळ थांबली.

वामनरावांनी पाटलांचं लिहिलेलं पुन्हा वाचलं. मग दाणा परत मडक्यात टाकून त्यांनी फडकं होतं तसं बांधलं. दिवसभरात कितीतरी हात त्या मडक्यात गेले. संध्याकाळी आतले दाणे त्यांनी मोजलेच नाहीत. माळ्यावर चढून गादी खाली टाकली, झटकली आणि बायकोकडे न पाहता म्हणाले,

"पांढरी चादर कुठी ठिवली तू?"

आठवड्यानं गादीवर टेकून पेपर वाचणाऱ्या अमृतरावांना त्यांनी वहीबद्दल विचारलं. पाटलांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

"पेन हाती देऊन तू समोरच उभा होता, वामन. तोंडावर नावं ठिवते का कोनी?"

काउंटर एका मिठाईवाल्यानं नेलं. डोमाजी मरेपर्यंत विचारत राहिला की त्याचा अंगठा कोणत्या कामात घेतला होता. अमृतराव चौऱ्याण्णव साली गेले. त्यांच्या तेरवीचे कपडे त्याच गादीवर बसून घरच्यांनी निवडले. वामनरावांचे शेवटचे दिवस गल्ल्यावर डुलक्या घेण्यात गेले, दुकान द्वारकाबाईच चालवी. त्यांना जाऊन आता बारा वर्षं झाली.

द्वारकाबाई अठ्ठ्याहत्तरची आहे. मागच्या वर्षी नातवानं दुकानाची वेबसाइट काढली आणि मोबाइलवर तिला दाखवली. साड्यांचे फोटो, भाव, आणि सगळ्यात खाली एक रिकामी चौकट. वेबसाइट कशी वाटली, काय बदलावं, ते पाहणाऱ्यानं तिथं लिहायचं. तिनं साड्या पाहिल्या नाहीत. चौकटीवर बोट ठेवून विचारलं,

"पहिल्यानं लिव्हलेलं दुसऱ्याले दिसते का?"