झाकलेली रहाड

वीसेक वर्षं मी पुण्यात बसून नाशिकचे गोडवे गातोय. पुण्याच्या मिसळीला नावं ठेवतो, तिथल्या थंडीला थंडी म्हणत नाही. शेवटी बायको म्हणाली, "तिकडेच जाऊन राहूया, पण हे थांबव." म्हणून या दिवाळीत घर बघायला आलो.

शाळेपासूनचा मित्र समाधान, त्याच्याबरोबर जुन्या नाशकातल्या चौकात चहा घेत होतो. त्या रस्त्याखालीच आमच्या लहानपणची रहाड आहे. रंगाचा हा हौद फक्त रंगपंचमीला उघडतात. एरवी त्यावर फळ्या, माती आणि वाहतूक.

"कायमचं परत यायचं म्हणतोय," मी म्हणालो.

तेवढ्यात पायाखाली धप्प झालं, भरल्या रहाडीत कुणी उडी मारल्यासारखं.

"ऐकलंस?"

"ते रोजचंच." समाधानने चहावर फुंकर मारली. "पुण्याला जायच्या आधी तू शेवटची उडी मारलीस ना, तेव्हापासून चालू आहे."

"अरे, मी वर आलो होतो."

"कुणीतरी आलं होतं, भो. रंगात तोंड कुठं कळतं? आम्ही पुसलं अन् पुण्याच्या एसटीत बसवून दिलं."

"आणि आता परत आलो तर?"

"ये ना, गाव तुझंच आहे. फक्त खाली राहिलाय त्याला एकदा विचारून घे."

असली चेष्टा पुण्यात कुणाला जमत नाही. मी अगदी पोटभर हसलो.

समाधान हसला नाही. मी हसायचा थांबलो, तरी पायाखाली माझं हसणं चालूच होतं.