सतराव्या क्रमांकाचं पुस्तक

साहेबांचं बोट भिंतीवरच्या तक्त्यावरून खाली सरकत गेलं आणि सतराव्या क्रमांकावर थांबलं.

"'पाहुणा डोंगर'," त्यांनी वाचलं. "याची गोष्ट कोण सांगतं?"

चारुलताबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

तक्त्यावर एकतीस पुस्तकं होती. ऑक्टोबरचा एक दिवस, एक पुस्तक. त्यातून रविवार सुटला नव्हता आणि दसराही नाही. विस्तार अधिकारी नवनीतराव यांनी ही यादी स्वतः बसून तयार केली होती. हे त्यांनी शाळेत आल्यापासून दोनदा सांगितलं होतं. यादी महिना सुरू होण्याआधीच आली. पुस्तकं आली नाहीत. बाईंनी दोन वेळा तालुक्याच्या ऑफिसला फोन केला. पुस्तकं निघाली आहेत, असं उत्तर मिळालं. तोवर खुणा करायला लागा, रोज तक्त्याचा फोटो वर गेला पाहिजे, असंही पलीकडून कुणीतरी सांगितलं. मग बाई रोज एका नावापुढे बरोबरची खूण करत गेल्या. अगदीच काही नाही असं नको, म्हणून त्यांनी अख्खी यादी मुलांकडून वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली. वाचन म्हणून झालं ते एवढंच.

तसाही तो महिना पुस्तकांचा नव्हताच. तापीकाठी कापूस फुटला होता. जेवणाची सुट्टी झाली की निम्मा वर्ग आयांच्या मागे शेतात जायचा. संध्याकाळी मुली गुलाबाईच्या गाण्यांना पळायच्या. एकतीस पुस्तकं खरोखर आली असती, तरी ती कुणी कधी वाचायची, हा प्रश्न यादीत नव्हता.

बाईंचं शिक्षणसेवक म्हणून हे तिसरं वर्ष होतं. मार्चनंतर त्या कायम होणार होत्या, आणि त्यासाठीच्या कागदावर साहेबांचा शेरा लागणार होता. आज एखादं पोर उठून पुस्तकच आलं नाही म्हणालं, की आजवरच्या एकोणतीस खुणा एका दमात खोट्या ठरणार. त्यापेक्षा आपणच खरं सांगून टाकायचं, असं बाईंनी सकाळी एसटीत ठरवलं होतं. आता साहेब समोर होते आणि तोंड उघडत नव्हतं.

तेवढ्यात चौथीतली रविता उभी राहिली.

रवितानं हाताची घडी घातली आणि सांगायला सुरुवात केली. सातपुड्यातला एक डोंगर वर बसून बसून कंटाळला. तापीचं पाणी प्यायला तो खाली उतरला आणि दमला म्हणून एका शेतात बसला. शेत दोधूबाबाचं होतं. सगळा कापूस डोंगराखाली गेला. पण पाहुण्याला ऊठ कसं म्हणायचं? गावानं त्याला भाकरी दिली. त्यानं घरोघरच्या भाकरी खाल्ल्या, मग लोणच्याच्या बरण्या खाल्ल्या.

"आणि पाटाचं पाणी पिलं," मागून एक मुलगा म्हणाला. रवितानं मान वळवून त्याला गप्प केलं. ते पुढं येणार होतं.

साहेब हसले. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. मुलांचे ओठ रविताबरोबर हलत होते. एकट्या रविताला नव्हे, सगळ्या वर्गाला ही गोष्ट येत होती. बाईंना काही कळेना. आपण प्रशिक्षणाला गेलो होतो त्या दोन दिवसांत पुस्तकांची पेटी येऊन गेली की काय? मग ती आहे कुठे?

डोंगर काही उठेना. शेवटी गावातली एक म्हातारी त्याच्या कानाशी गेली. तुझ्या टेकड्या तिकडे रडत आहेत, असं तिनं सांगितलं. डोंगर दचकून उठला. जाताना त्यानं म्हातारीला डोक्यावर बसवून नेलं, कारण तिच्यासाठी रडणारी कुणी टेकडी नव्हती. रवितानं घडी सोडली आणि साहेबांना नमस्कार केला.

साहेबांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. भेटीची वही मागवली आणि उभ्या उभ्या शेरा लिहिला. वाचन सखोल, यादी पूर्णपणे राबवली, शिक्षिकेचं काम अनुकरणीय. बाईंनी तो उलटा वाचला. सकाळी ठरवलेलं वाक्य त्यांनी मुकाट्यानं गिळलं.

पण तपासायला आलेल्या माणसाला एक तरी चूक सापडावी लागते. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि रविताकडे वळले.

"गोष्ट छान सांगितलीस. फक्त शेवट चुकला, बाळा. पुस्तकात म्हातारी डोंगराबरोबर जात नाही, गावातच राहते. पुस्तक वाचावं तर शेवटच्या पानापर्यंत. मी वाचलंय म्हणून सांगतो."

वर्गात कुजबुज सुरू झाली. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. रविता खाली बसली नाही. तिचे डोळे मोठे झाले होते, आणि शाळेत बोलायची मराठी ती पार विसरली.

"सर, हाई गोष्ट ते आम्ही नाव वाची वाची, कापूस येचता येचता बनाडेल शे," ती म्हणाली. "मंग पुस्तकमा बी हाईच शे? फक्त शेवटच चुकना आमना?"