काकांची परवानगी

'टपाल' हे ॲप नक्की कशासाठी आहे, याचं सरळ उत्तर कुणीच देईना.

कुलूपताईने पुन्हा विचारलं. हे नाव ऑफिसने तिला पाठीमागे ठेवलं होतं, आणि ते तिच्या कानावर आलेलं होतं. कंपनीचा सगळा कोड एका ऑनलाइन कोठारात राहायचा. तिथे कोणी कोणत्या बाहेरच्या ॲपला दार उघडून दिलंय ते तपासायचं आणि नको ती दारं बंद करायची, हे तिचं काम. बहुतेक ॲपना नुसती वाचायची परवानगी होती. टपालला लिहायचीही होती, आणि ती काकांनी दिलेली होती.

"काकांच्या सोयीचं आहे ते," टीमचा लीड म्हणाला. "आजारपणानंतर घरूनच काम करतात ना ते."

"मग नियमाप्रमाणे काकांनीच माझ्यासमोर पुन्हा परवानगी द्यायची. तोवर बंद."

"ताई, जरा थांबलात तर..."

तिने बटण दाबलं. टीममधल्या चष्मेवालीने मान खाली घातली.

काका म्हणजे ऑफिसातले सर्वांत जुने प्रोग्रामर. या टीममधल्या प्रत्येकाला त्यांनी हाताला धरून शिकवलं होतं. आता ते घरी बसून इतरांचा कोड तपासायचे आणि त्याखाली शेरे लिहायचे. कॅमेऱ्यासमोर येत नसत, फोन घेत नसत. साहेबांनी स्पष्टच सांगून ठेवलं होतं, काम थांबलं की नाव कमी. आणि नाव कमी झालं की कंपनीचा औषधोपचाराचा विमाही गेला.

हे कुलूपताईला माहीत होतं. तिला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. पण कुठंतरी पाणी मुरत होतं. काका घरबसल्या कंपनीचा कोड बाहेर विकत असतील तर? आजारपणात माणसाची ओढाताण होतेच. नुसत्या विचारानेही तिला वाईट वाटलं.

तिने काकांचे जुने शेरे काढून वाचले. संशयास्पद काही सापडलं नाही, उलट वाचताना हसूच आलं. 'या फंक्शनचं पोट सुटलंय, रोज चालायला पाठवा,' असं मंगळवारी. बुधवारी मात्र लांबलचक समजावणी, सुरुवात ठरलेली: 'म्हणजे बघा...' सोमवारी एका शब्दात काम, 'चालेल.' गुरुवारी अंगावर धावून येणार, आणि शुक्रवारी एक अक्षर नाही.

"काकांचा स्वभाव वार बघून बदलतो की काय?" तिने विचारलं.

"आजारपणाने माणूस लहरी होतो," लीड म्हणाला, आणि घाईघाईने पाणी प्यायला उठला.

दार बंद झालं तसे काकांचे शेरेही थांबले. गुरुवारी साहेब तिच्या टेबलापाशी आले.

"काकांचा पत्ता नाही. उद्यापर्यंत वाट बघतो, मग माझाही नाइलाज आहे."

दार तिने बंद केलं होतं, भोगणार काका होते.

"मी आत्ताच त्यांच्या घरी जाते," तिने टीमला सांगितलं. "काकांनी माझ्यासमोर परवानगी दिली की लगेच सुरू करते."

लीडच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "तुम्ही कशाला त्रास घेता? त्यांचा मोबाइल मीच घेऊन येतो."

"म्हणजे बघा ताई," चष्मेवाली म्हणाली, "काकांना कुणी घरी आलेलं आवडत नाही."

"चालेल ना ताई, मी आणला तर?" लीडने पुन्हा विचारलं.

"नाही चालणार," कुलूपताई म्हणाली आणि तिने लॅपटॉप उचलला.

दार काकूंनी उघडलं. कुणी आलेलं त्यांना भलतंच आवडलेलं दिसलं. काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. दाढी गुळगुळीत, गुडघ्यांवर शाल, चेहऱ्यावर हसू. शेजारच्या टेबलावर औषधांचे डबे होते.

"काका, तुमचं टपाल मी बंद केलं, त्याने तुमचं काम अडलं," ती म्हणाली. "माफ करा. आत्ता सुरू करून देते."

काकांनी हसत काकूंकडे पाहिलं.

"कसलं काम गं?" काकू म्हणाल्या. "आजारपणापासून यांना अक्षर ओळखता येत नाही. बोललेलं सगळं कळतं, पण स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नाही. ऑफिसची पोरं सांगून गेली, भरपगारी रजा मंजूर झालीय म्हणून." त्यांचा आवाज खाली आला. "झालीय ना?"

कुलूपताईला लीडचं 'चालेल' आणि चष्मेवालीचं 'म्हणजे बघा' आठवलं. मग तिने काकांचा मोबाइल मागून घेतला. लॅपटॉपवर दोन कळा दाबल्या, तसा मोबाइलवर प्रश्न उमटला: 'टपालला तुमच्या नावाने लिहू द्यायचं का?'

ती खुर्चीपाशी खाली बसली. "काका, तुमच्या पोरांना तुमचं नाव वापरायचंय. देता?"

काकांनी मान डोलावली आणि स्वतःच अंगठा पुढे केला.

"हे कशाचं गं?" काकूंनी विचारलं.

"रजा वाढवायचं, काकू."

शुक्रवारी सकाळी ती टीमच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. कुणाची मान वर होईना. चष्मेवालीचे डोळे भरून आले होते.

कुलूपताईने खुर्ची ओढली, लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "शुक्रवार रिकामाच आहे ना? मग आज काका मी."