बदली माणूस

चष्मेवाल्याची बायको सोमवारी दुपारी वारली. पण नेमका त्याच वेळी त्याचा जुना मित्र दारात येऊन उभा राहिला. आल्या पाहुण्याला असलं काही सांगणं बरं दिसत नाही, म्हणून ती वारलीच नाही असं चष्मेवाल्याने ठरवलं. बहिणीकडे गेलीय, म्हणाला. आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि चहा टाकला.

खरं तर जायचं होतं चष्मेवाल्याला. वरून तसा निरोपच आला होता. सवलत एकच होती, घरातलं दुसरं कोणीही चालेल. त्याने आधी बाबांना विचारलं. बाबा एक्क्याऐंशीचे. ते म्हणाले, तुला जन्म दिला, वाढवलं, दुकान थाटून दिलं, आता तुझं मरणही मीच मरू? आईने बाबांकडे बोट दाखवलं. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा दुसऱ्या कोणाला पाठ नव्हत्या. बायको मशीनवर काच घासत होती. कधी, एवढंच तिने विचारलं. सोमवारी म्हटल्यावर, "सोमवारी जमेल," म्हणाली आणि काच उजेडात धरून बघायला लागली.

मित्र लोकांची बिऱ्हाडं हलवायचा. अख्खा फ्रिज एकटा पाठीवर घेऊन चार जिने उतरणारा गडी. तिसऱ्या कपाला त्याने विचारलं की वहिनी बहिणीकडे गेल्यात तर त्यांच्या चपला दारात कशा. चष्मेवाल्याने चौथा कप ओतला. मित्राने उठून आतलं दार उघडलं, बंद केलं, बाह्या वर सारल्या आणि बाहेर पडला.

मंगळवारी दुपारी बाराला तो वहिनींना खांद्यावर घेऊन परत आला. नेणारा त्याला वाटेतच सापडला होता. त्याचा हात मित्राने असा काही पिरगळला होता की वहिनींना तर त्याने सोडलंच, वर लिहूनही दिलं: या घरातल्या माणसांना यापुढे कधीही नेणार नाही.

"तीन दिवस बोलणार नाहीत त्या," मित्र घाम पुसत म्हणाला. "तिकडचा नियम आहे. बाकी काही खरचटलेलं नाही, बघून घे."

बाबांनी तो कागद दोनदा वाचला, लॅमिनेट करून आणला, गल्ल्याच्या वर टांगला आणि नव्या कवळीचं माप द्यायला गेले.

बुधवारी बायको मशीनवर जाऊन बसली. हात पूर्वीसारखेच चालत होते. फक्त तिच्या कपातला चहा ओतल्या ओतल्या गार व्हायचा, आणि ती ज्या खुर्चीवरून उठायची तिच्यावर आई बसायची नाही. गुरुवारी एक गिऱ्हाईक चष्मा परत घेऊन आलं. जवळचं उत्तम दिसतं, म्हणालं, लांबचंही दिसतं, पण जरा जास्तच लांबचं दिसतं. रस्त्यापलीकडे काल माझे सासरे उभे होते. चष्मेवाल्याने नंबर तपासला. नंबर बरोबर होता. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली होती.

शुक्रवारी साडेअकरालाच त्याने दुकानाची पाटी उलटी केली आणि मशीनसमोर स्टूल ओढून बसला. तीन रात्री त्याला झोप नव्हती. तिच्या तोंडून त्याला फक्त 'असू दे' हवं होतं. तेवढं ती म्हणाली असती तर पुढची सगळी वर्षं, आणि ती आता संपणारी नव्हती, त्याला कशीबशी काढता आली असती.

"हे बघ," तो तिला म्हणाला, "मी तुला जा म्हटलं नव्हतं. मी फक्त विचारलं होतं."

काच घासली जात राहिली.

"सूनबाई मनात ठेवणाऱ्यातली नाही," बाबा नव्या कवळीतून म्हणाले.

"तुम्ही बोलू नका. तुम्हालाही विचारलं होतं."

"विचारलंस, मी नाही म्हटलं. नाही ऐकायची तयारी नव्हती तर विचारलंस कशाला?"

आई म्हणाली की दोघंही गप्प बसा, पावणेबारा झाले. मशीनची घरघर तेवढी चालू होती. चष्मेवाला तिच्या ओठांकडे बघत राहिला. त्यांचा रंग अजून नीट परतला नव्हता.

बाराला तिने मशीन बंद केलं. बोटं फडक्याला पुसली, फडकं घडी करून बाजूला ठेवलं. चष्मेवाला स्टुलावरून इतका पुढे झुकला की पडायचाच बाकी होता.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. बाबांकडे नाही, आईकडेही नाही. दुकानाच्या काचेतून ती पलीकडच्या कोपऱ्याकडे बघत होती. तिथे कोणीही नव्हतं. सरकारी कचेरीत खिडकीपाशी नंबर आल्यावर माणूस बोलतो तशा सावकाश, स्वच्छ आवाजात ती म्हणाली:

"साहेब, आपण दिलेल्या कागदात 'या घरातली माणसं' असा उल्लेख आहे. त्यात माझी गणना करू नये, ही नम्र विनंती."