समोरचा फोन

"पोराला फोन लावला की माझंच बोलणं मला माघारी ऐकू येतं," रामकिसनकाका म्हणाले.

औरंगपुऱ्यातल्या आपल्या दुकानात गोकुळनं त्यांच्या फोनचा माईक साफ केला, स्वतःच्या नंबरवर कॉल लावून पाहिला. आवाज एकदम स्वच्छ होता.

"काका, दोष पोराच्या फोनात हाय. तो तुमचा कॉल उचलून स्पीकरवर टाकत असंल, म्हणून तुमचा आवाज तिथल्या माईकमधून परत येतो. त्याचा फोन घेऊन या, लगेच करून देतो."

"तो कसा आणू? त्याच्या मायनं त्याच्याच अस्थीसंगं पैठणला गंगेत सोडला."

गोकुळनं फोन काउंटरवर ठेवला.

काकांनी काउंटरवरचा फोन घाईघाईनं खिशात घातला. "म्हंजी उचलतो व्हय तो? मग राहू दे, बाबा. दुरुस्त नको करू."