पाटाकडचे पॉपलर

खोसियतच्या धाकट्या दिराला विचारून काही करायची सवयच नाही. वसंतातल्या नवरोजच्या सणाआधी झाडांच्या खोडांना चुना सगळेच लावतात, पण कमरेएवढा. तुर्गुनने पाटाकडच्या पॉपलरांना शिडी घेऊन लावला. आपल्याही आणि वहिनीच्याही. आज सकाळी करवत घेऊन आला.

ती धावत पोचली तेव्हा टोकाच्या झाडात करवत निम्मी गेली होती.

"ही माझी," तो मान वर न करता म्हणाला. "माझ्या पोराची, दावरोनची."

एकाच वसंतात दोघा भावांना मुलगे झाले, तेव्हा पोरांच्या घराच्या तुळयांसाठी दोघांनी इथं रोपं लावली. थोरल्याने पांढरे पॉपलर, धाकट्याने काळे. सगळ्या गल्लीला ठाऊक. थोरला, खोसियतचा नवरा, आता नाही. तिच्या इक्रोमचं लग्न येत्या शरदात, आणि त्याच्या छपराला एवढीच झाडं.

गल्लीतले वडीलधारे होशिमबाबा काठी टेकत आले. त्यांनी वर पाहिलं. सगळी झाडं खांबासारखी, फांद्या खोडाला बिलगून सरळ वर चढलेल्या. पालवी अजून नाही. खाली नुसता चुना.

"मला तर सगळी सारखीच दिसतात, सूनबाई."

"सारखी दिसावीत म्हणूनच रंगवलीत, बाबा."

"वहिनी, जीभ आवरा."

"तुम्ही करवत आवरा."

तिने दिराच्या कुंपणालगतच्या झाडाची डहाळी मोडून बाबांच्या हातात दिली. कोंब टोकदार, तपकिरी. बोटाला चिकटला.

"हे काळं. याच्यावर भांडण नाही."

मग करवत अडकलेल्या झाडाची डहाळी दिली. बाबांनी कोंबावरून अंगठा फिरवला. कोरडा. वर कोकराच्या कानासारखी पांढरी, मऊ लव. तोवर खोसियतने नखांनी चुना खरवडला होता. खालची साल गुळगुळीत, फिकट, तिच्यावर शंकरपाळ्याच्या आकाराचे काळे ठिपके.

"पांढरं," बाबा म्हणाले आणि डहाळी तुर्गुनपुढे धरली. त्याने घेतली नाही.

तो पाटाच्या काठावर बसला. "माझी सगळी आतून पोकळ निघाली, वहिनी. मुलीकडचे जुम्म्याला घर बघायला येतायत. छपराविना काय दाखवू?"

झाड करकरलं. खोसियतने करवतीच्या मुठीवर हात ठेवला.

"हे एक न्या. निम्मं कापलेलं जगत नाही. मधली तुळई होईल, पोराच्या डोक्यावर छप्पर येईल. पण भावजी, त्या घरात मी चहाला आले की तुम्ही या तुळईखाली नाही, बाहेर अंगणात बसायचं."